तिकिटावर टीबीएस, विम्यात अमेरिका नको

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

सप्टेंबरात जॉर्जियाला, माझ्याकडे तिबिलिसीत यायचं नक्की केलंत, फार बरं झालं. इथला तो सगळ्यात चांगला महिना. उन्हाळा उतरलेला असतो आणि द्राक्षांची तोडणी सुरू असते. तिकीट, व्हिसा, विमा सगळं नागपुरातूनच करतो असं बाबा म्हणाले, म्हणून हे लांबलचक पत्र. प्रिंट काढून फाइलमध्ये लावा. कारण यातल्या प्रत्येक टेबलावर 'जॉर्जिया' म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात आधी अमेरिका येणार, आणि तो चूक दुरुस्त करेपर्यंत पैसे भरून झालेले असतील. त्यामुळे एकच पथ्य पाळा: देशाचं नाव एकटं कधीच सांगायचं नाही. आधी तिबिलिसी, मग जॉर्जिया.

अमेरिकेतला जॉर्जिया हे राज्य आहे, त्याची राजधानी अटलांटा. माझा जॉर्जिया हा देश, त्याची राजधानी तिबिलिसी. काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी. वर रशिया, खाली तुर्किये आणि आर्मेनिया, पूर्वेकडे अझरबैजान. तिबिलिसीहून अटलांटा सरळ रेषेत दहा हजार किलोमीटरवर आहे आणि मुंबई साधारण साडेतीन हजारांवर. दिल्ली त्याहून जवळ, जवळपास पॅरिसइतकीच. म्हणजे 'पोरगी अमेरिकेत आहे' आणि 'पोरगी युरोपात, जर्मनीच्या बाजूला आहे' ही दोन्ही वाक्यं शेजारच्या काकूंना सारखीच दुरुस्त करून सांगायची आहेत. देश केवढा म्हणाल तर 69,700 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भापेक्षा लहान आणि मराठवाड्यापेक्षा किंचित मोठा. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. इथे राजधानीपासून समुद्रावरच्या बातुमीपर्यंत 380 किलोमीटरमध्ये रस्ता संपतो.

आता तिकीट. विमानतळाचा कोड टीबीएस, इंग्रजीत टी, बी, एस. एजंटने स्क्रीन दाखवली की शहराचं नाव वाचत बसू नका, ही तीन अक्षरं बघा. एटीएल दिसलं तर ते अटलांटा. टीबीझेड दिसलं तर इराणमधलं तबरीझ. एका अक्षराचा फरक आहे आणि बोटं घाईत चालतात. केयूटी म्हणजे कुतैसी. तो याच देशातला विमानतळ, पण माझ्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर लांब. तिथलं तिकीट स्वस्त दिसतं म्हणून मोहात पडू नका. वाचलेले पैसे टॅक्सीत जातात आणि बाबांची कंबर वेगळीच. दिल्लीहून थेट विमान मिळालं तर पाच-सहा तासांचा प्रवास आहे. मुंबईहून जायचं म्हणून दुबई, दोहा किंवा इस्तंबूलला बदलायचं झालं, तर सामान शेवटपर्यंत टाकलंय ना हे चेक-इनलाच विचारा. बॅगेला लावलेल्या कागदी पट्टीवर शेवटच्या मुक्कामाचा कोड सगळ्यात ठळक छापलेला असतो. तिथे टीबीएस वाचल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही, मागची रांग कितीही कुरकुरू दे.

व्हिसाच्या बाबतीत एक सोपी परीक्षा आहे. एजंट जर म्हणाला की मुंबईला अमेरिकन वकिलातीत मुलाखत, बोटांचे ठसे, मोठा फॉर्म, तर तो अटलांटाला पाठवतोय, उठून या. 'शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) काढून देतो, युरोपातच आहे ना' असं म्हणाला तरी उठून या. जॉर्जिया युरोपियन युनियनमध्ये नाही. डिसेंबर 2023 मध्ये उमेदवार देश म्हणून नाव लागलं, एवढंच. शेंगेनमध्ये तर नाहीच, त्यामुळे इथल्या व्हिसावर पॅरिस बघून येऊ हा आईचा बेत या खेपेला रद्द. इथला ई-व्हिसा ऑनलाइन भरतात. सरकारी साइटचा पत्ता 'गव्ह डॉट जीई' असा संपतो. जीई हे या देशाचं चिन्ह. त्यासारख्या दिसणाऱ्या दलालांच्या साइट पुष्कळ आहेत, त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पैसे भरायच्या आधी भरलेल्या फॉर्मचा फोटो मला पाठवा.

फॉर्ममधल्या देशांच्या यादीत गंमत आहे. 'जी'खाली जर्मनीच्या थोडं वर जॉर्जिया सापडेल, तेच निवडा. 'एस'खाली साउथ जॉर्जिया अँड द साउथ सँडविच आयलंड्स असं एक लांबलचक नाव येतं. ते ब्रिटनच्या ताब्यातलं दक्षिण अटलांटिकमधलं बेट आहे, तिथे पेंग्विन असतात, मुलगी नाही. दोन अक्षरी कोड मागितला तर जीई. बँकेतली काही मंडळी जीई म्हणजे जर्मनी समजतात. जर्मनी डीई आहे. आणि जीए लिहिलंत तर देशांच्या यादीत आफ्रिकेतला गॅबन येतो, अमेरिकन राज्यांच्या यादीत अटलांटावाला जॉर्जिया.

आता विमा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. 1 जानेवारी 2026 पासून इथे येणाऱ्या पाहुण्यांना आरोग्य आणि अपघाताचा प्रवास विमा सक्तीचा आहे. किमान कव्हर 30,000 लारींचं (लारी हे इथलं चलन) आणि कागद इंग्रजीत किंवा जॉर्जियनमध्ये हवा. आपल्याकडच्या कंपन्या प्रवास विमा साधारण दोन भावांत विकतात: अमेरिका-कॅनडा धरून आणि अमेरिका-कॅनडा वगळून. पहिला बराच महाग, आणि साठीच्या पुढे हा फरक डोळ्यांत येण्याइतका. एजंटच्या डोक्यात अटलांटा असेल तर तो बिनदिक्कत महागडा लावेल. तुम्हाला वगळून असलेलाच हवा. पण उलट्या बाजूची चूक जास्त वाईट: 'फक्त शेंगेन' असं लिहिलेली पॉलिसी इथे कामाची नाही. पॉलिसीच्या कागदावर देशाच्या रकान्यात जॉर्जिया किंवा जगभर (अमेरिका-कॅनडा वगळून) असं लिहिलेलं हवं, आणि तारखा उतरायच्या दिवसापासून परत निघायच्या दिवसापर्यंत पूर्ण. बाबांची शुगर आणि आईचं ब्लडप्रेशर आधीपासूनचे आजार म्हणून स्पष्ट सांगा. लपवलंत तर क्लेम अडतो, मग देश बरोबर असून उपयोग नाही.

उतरल्यावर अधिकारी विचारतील कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. इथून काही भारतीयांना कागद अपुरे म्हणून परत पाठवतात, म्हणून माझा पत्ता, माझ्या रेसिडन्स कार्डाची प्रत, परतीचं तिकीट, विमा आणि बँकेचं स्टेटमेंट हे सगळं आईच्या हातातल्या पिशवीत असू दे, बॅगेत नको. उत्तरं छोटी द्या. मुलगी तिबिलिसीत नोकरी करते, तिच्याकडे आलो. बस. बाबा, तिथे गप्पा मारायच्या नाहीत.

रोमिंग पॅक घेताना अमेरिकेचा तर नकोच, पण 'युरोप' असं नाव असलेला पॅकही देशांची यादी बघितल्याशिवाय घेऊ नका. कित्येकांत जॉर्जिया नसतो. माझ्या नंबरची सुरुवात +995 आहे, पुढे नऊ आकडे, त्यातला पहिला पाच. +1 ने सुरू होणारा नंबर कुणी माझा म्हणून दिला तर तो माझा नाही. इथे आलात की मॅग्ती किंवा सिल्कनेटचं सिम कार्ड घालून देईन. लारी नागपुरात शोधत फिरू नका. थोडे डॉलर किंवा युरो आणा, बदलून घेऊ. एक लारी म्हणजे तीस-पस्तीस रुपये धरून चला. चार्जरची बारीक दोन काड्यांची पिन इथे बसते, आपली तीन गोल काड्यांची बसत नाही, तेव्हा इस्त्री घरीच.

हवेबद्दल. सुरेशकाका म्हणतात तसा हा बर्फाचा देश नाही. सप्टेंबरात तिबिलिसीत दुपारी पंचविशीच्या आसपास, रात्री पंधराच्या. एक स्वेटर पुरे. स्तेपान्त्समिंदाला जाऊ तेव्हा मात्र थंडी लागेल. ते गाव 1,740 मीटरवर आहे आणि वाटेतली खिंड 2,379 मीटरवर, त्यामुळे एक जाड जॅकेट आणि बाबांची कानटोपी. बातुमीला छत्री. तिथे पाऊस कोकणासारखा कोसळतो आणि शरदात जास्तच. फोनवर हवामान बघताना 'जॉर्जिया' टाकलंत तर फॅरेनहाइटमध्ये अटलांटाचं येईल आणि आई 80 चा आकडा बघून घाबरेल. 'तिबिलिसी' टाका.

बातम्यांचंही तसंच. चक्रीवादळ, सिनेटची निवडणूक, अटलांटा, सवाना असे शब्द आले की ते अमेरिकेतलं. 2024 च्या सप्टेंबरातलं हेलीन वादळ तिकडचं. रुस्तावेली रस्ता, संसदेसमोरची निदर्शनं, तिबिलिसी असे शब्द आले की इथलं. 28 नोव्हेंबर 2024 ला सरकारने युरोपियन युनियनशी बोलणी 2028 पर्यंत पुढे ढकलली, तेव्हापासून तिथे लोक जमतात. आपण संध्याकाळी तो रस्ता टाळू, एवढीच खबरदारी. युक्रेनच्या बातम्यांनी जीव कासावीस करून घेऊ नका. कीव्ह इथून चौदाशे किलोमीटरच्या पुढे आहे. इथलं युद्ध 2008 च्या ऑगस्टमध्ये झालं, पाच दिवसांचं. तेव्हापासून अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया इथल्या सरकारच्या पूर्णपणे हाताबाहेर आहेत. नकाशात तुटक रेघ दिसेल ती तीच, आपण तिकडे फिरकणारसुद्धा नाही. आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर रस्त्यात पाणघोडा असलेला तो जुना फोटो खरा आहे. जून 2015 च्या पुरात प्राणिसंग्रहालय वाहून गेलं होतं, ते याच तिबिलिसीत.

इथल्या माणसांना रशियन म्हणू नका, प्रेमानेसुद्धा. 9 एप्रिल 1991 ला सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडल्याचं जाहीर केलं, त्यांची भाषा आणि लिपी पूर्ण वेगळी आहे. म्हातारी माणसं रशियन बोलतात, तरुण पोरं इंग्रजी. तुम्ही दोन शब्द पाठ करा: भेटल्यावर गमार्जोबा, आभाराला मादलोबा. स्टालिन याच देशातल्या गोरी गावचा. बाबांना ते गाव बघायचंय ते माहीत आहे, नेते. वाद मात्र घरी येऊन घाला.

आता उलट्या बाजूचे गैरसमज. इथे हजारो भारतीय मुलं एमबीबीएसला असतात, म्हणून प्रत्येक भारतीय चेहरा डॉक्टरकीचा विद्यार्थी. तुम्हालाही विचारतील, मुलगी कुठल्या वर्षाला? वयस्कर लोक राज कपूर आणि मिथुनचं नाव घेतील, गाणंही म्हणतील. म्हणू द्या, पण त्यांच्या मते भारत म्हणजे मुंबई-दिल्ली, दोन्ही शेजारीशेजारी, सगळे हिंदी बोलणारे. नागपूर कुठे हे सांगायला 'मुंबईजवळ' म्हणू नका, मग ते समुद्र किती लांब विचारतात. सरळ म्हणा: भारताच्या नकाशाच्या मधोमध, मुंबईहून विमानाने दीड तास. आणि मग सांगा, दिव्या देशमुखच्या गावचे. इथे बुद्धिबळाला मान आहे; नोना गाप्रिंदाश्विली, ग्रँडमास्टर किताब मिळालेली पहिली बाई, ती इथलीच. जुलै 2025 मध्ये महिला विश्वचषक बातुमीतच झाला आणि दिव्याने तिथेच आपल्याच कोनेरू हंपीला हरवून तो जिंकला. हेच वाक्य उलटं करून नागपुरात वापरा. 'दिव्या जिथे जिंकली ना, त्या देशात असते आमची पोरगी.' महालात आणि धरमपेठेत याच्यापेक्षा जास्त भूगोल लागणार नाही.

गोव्याची मावशी विचारत होती, तिला वेगळा धागा द्या. राणी केतेवान ही इथली संत, 1624 मध्ये इराणात शिराझला तिला मारलं. तिच्या अस्थी जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये सापडल्या. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला आणि जुलै 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्यांतला भाग इथे आणून दिला. चर्चला जाणारी म्हातारी माणसं गोव्याचं नाव ऐकून एकदम आपुलकीने बोलतात.

राहता राहिलं पार्सल. आधी भाजणी आणि गोडा मसाला पाठवायचा असेल तर पत्त्यात पिनकोड चार आकडी लिहा. पाच आकडी असेल तर तो अमेरिकेचा. शेवटच्या ओळीत तिबिलिसी ठळक, त्याखाली जॉर्जिया, आणि माझा +995 चा नंबर पाकिटावरसुद्धा, नुसता फॉर्मवर नको. काउंटरवरच्या माणसाने पावती दिली की देशाचा कोड वाचा. यूएस असेल तर तिथेच रद्द करून घ्या, एकदा पोतं निघालं की परत फिरायला महिने जातात. तिकीट ठरलं की पैसे भरायच्या आधी स्क्रीनचा फोटो टाका. फोन सकाळी नऊनंतर करा. तुमचे नऊ म्हणजे माझे साडेसात. बाबांचा सहाचा फोन इथे साडेचारला वाजतो.

तुमची,
मीनल