पोह्यांची तेरीज जुळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला न्याहारी आणि हार्मोन्सवरचा लेख वाचला. विषय आमच्या घरातलाच, म्हणून कात्रण फ्रिजवर लावले. पण अॅव्होकॅडो, चिया आणि सोया दुधाची स्मूदी या त्यात सुचवलेल्या गोष्टींतले काहीच ओट्यापर्यंत पोचले नाही. मंडईत एका अॅव्होकॅडोचा भाव ऐकला. तेवढ्यात किलोभर हिरवे मूग येत होते. मूग घेऊन घरी आलो.

मी बँकेतून निवृत्त झालो, आयुष्य कॅश काउंटरवर गेले. पत्नीचे गुडघे कुरकुरू लागल्यापासून सकाळचा ओटा माझ्या ताब्यात आहे. मुलगी सत्तावीस वर्षांची, हिंजवडीला नोकरी, कोथरूडहून कंपनीची बस सातला. तिला पीसीओएस, म्हणजे अंडाशयांशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड, आहे. (तिला विचारून लिहितो आहे. नाव छापू नये, एवढीच तिची अट.) पाळी दोन-दोन महिने लांबायची, हनुवटीवर केस येत होते, आणि नातेवाईक म्हणत, "इतकी बारीक आहे, तिला कसला आलाय आजार?"

याचे उत्तर आपल्या पुण्यातच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यावर दिसते ते सगळे खरे नसते.

डॉक्टरांनी आम्हाला सांगितले ते असे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की स्वादुपिंड ते आणखी सोडते. हे जादा इन्सुलिन अंडाशयांना पुरुषी संप्रेरके वाढवायला लावते, शिवाय या संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते. म्हणून सकाळी-सकाळी नुसते पिष्ट नको.

घरी आलो आणि सवयीप्रमाणे तेरीज, म्हणजे हिशेबाची गोळाबेरीज, मांडली. बशीभर पोह्यांना साठ ग्रॅम कोरडे पोहे लागतात. त्यात पिष्ट ४६ ग्रॅम, प्रथिने जेमतेम चार. वर पेरलेल्या शेंगदाण्यांची आणखी दोन धरा. साबुदाण्याचे तर विचारूच नका: शंभर ग्रॅमला पिष्ट ८७च्या आसपास आणि प्रथिने अर्धा ग्रॅमसुद्धा नाहीत. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणतात, पण दुप्पट कशाचे, ते म्हणीत सांगितलेले नाही. मुलीचे वजन ५४ किलो. किलोमागे ०.८३ ग्रॅम या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीने तिला दिवसाला ४५ ग्रॅम प्रथिने हवीत. पोह्यांच्या बशीने यातले सहा भरायचे आणि उरलेले कुठून आणायचे?

आता आमचे धिरडे. अर्धी वाटी मूग रात्री भिजत घालायचे. सकाळी आले, हिरवी मिरची, जिरे घालून वाटायचे. कुरकुरीतपणासाठी मूठभर तांदूळ घालण्याची आमच्या आईची पद्धत होती. तो मोह टाळायचा. पण तांदूळ नसला की धिरडे तव्याला चिकटते. पहिल्या दिवशी माझे पिठले झाले आणि मुलगी बिस्किटे घेऊन बसला पळाली. पुढे पत्नीने खुर्चीत बसूनच युक्ती सांगितली: बिडाचा तवा चांगला तापू द्यायचा, अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवायचा, पीठ पसरून झाकण ठेवायचे आणि कडा आपणहून सुटेपर्यंत उलथन्याला हात लावायचा नाही. मग वर पन्नास ग्रॅम पनीर किसून, कोथिंबीर पेरून गुंडाळी करायची. दोन धिरड्यांची बेरीज सुमारे २३ ग्रॅम प्रथिने. पिष्ट असते तीसेक ग्रॅम. लेखातल्या पिष्टाच्या कडक नियमात ते बसणार नाही, पण मुगाबरोबर चोथाही येतो आणि साखर हळू चढते. सोबत जवसाची चटणी. गुरुवार-शनिवार सोडून कधी दोन अंड्यांची भुर्जीही होते.

लेखाबद्दल एक तक्रार आहे. 'उठल्याबरोबर सोया दूध घ्या' असे त्यात सरसकट छापले आहे. माझ्या पत्नीप्रमाणे थायरॉइडची गोळी सकाळी घेणाऱ्या बायका प्रत्येक सोसायटीत आहेत. ती गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची, नंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. सोयामुळे ती नीट शोषली जात नाही आणि कॅल्शियमच्या गोळीत तर चार तासांचे अंतर ठेवावे लागते. हार्मोन्सवरच्या लेखात हे यायला नको होते का?

धिरड्याने पीसीओएस बरा होतो, असा माझा दावा नाही. तीन महिने पाळी पस्तीस दिवसांच्या आत येते आहे, पण डॉक्टरांच्या गोळ्याही चालू आहेत आणि ती रोज टेकडीही चढते. श्रेय कुणाच्या खात्यात टाकावे, मला ठरवता येत नाही. अकरा वाजता ऑफिसच्या मशीनमधून चिप्स काढायची सवय मात्र सुटली, असे ती स्वतः म्हणते.

पुढच्या वेळी पाककृती वाटी-चमच्याच्या मापात द्याव्यात, ही विनंती. बाहेरच्या न्याहारीबद्दलही कुणीतरी लिहा. परवा एका प्रसिद्ध मिसळीच्या दुकानात नुसती मटकीची उसळ मागितली. पाव नको, फरसाण नको. मालक शांतपणे म्हणाले, "मिसळ घ्या आणि पाव परत करा." मी केला. बिल मिसळीचेच आले.

आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे