पाणी विचारले, पण पावतीचे काय?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी होऊन गेली तरी आपल्या अंकात गाड्यांच्या पानभर जाहिराती येतच आहेत. परवा एका जाहिरातीत किमतीच्या आकड्यावर चांदणी होती आणि त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. भिंग घेऊन वाचला. विमा, रोड टॅक्स आणि 'इतर खर्च' वेगळे. हे 'इतर' काय प्रकरण आहे ते शोधण्यात माझा गेला महिना गेला, म्हणून हे पत्र.

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षे क्वालिटीत काढली. आमच्याकडे भोकाचे माप तपासायला गो-नो गो गेज असायचा. त्याचे एक टोक भोकात गेलेच पाहिजे, दुसरे जाता कामा नये. 'थोडेसे जाते' असे उत्तर चालत नसे. निवृत्त होताना गेज टेबलावर ठेवून आलो, सवय मात्र सोबत आली. आजवर घरात स्कूटरपलीकडे काही नव्हते. माझ्या उजव्या डोळ्याला नीट दिसत नाही, त्यामुळे मी गाडी चालवणार नाही हे ठरलेलेच. पण सौ.ने 58 व्या वर्षी क्लास लावला आणि पेठ रोडच्या आरटीओत पहिल्याच परीक्षेत लायसन्स मिळवले. तेव्हापासून घरात गाडीचा विषय सुरू झाला. 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. चार मीटरच्या आतली, 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी आमच्या आवाक्यात आल्यासारखी वाटली. बजेट सात लाख. म्हणजे गाडी दारात उभी राहीपर्यंत खिशातून जातील ते सगळे मिळून सात लाख.

माझी भाची पुण्याला शिकत असताना 'मिस्ट्री शॉपिंग'ची कामे करायची. म्हणजे गुप्त ग्राहक. गाड्यांच्या कंपन्या एजन्सीमार्फत अशी माणसे खोटे गिऱ्हाईक म्हणून डीलरकडे पाठवतात आणि मग त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतात. एका भेटीचे काहीशे रुपये आणि पेट्रोल. आम्ही गाडी बघतोय म्हटल्यावर तिने तो फॉर्मच तोंडपाठ म्हणून दाखवला. दारात स्वागत किती मिनिटांत झाले, पाणी विचारले का, सेल्समनने गाडीभोवती फिरून माहिती दिली का, टेस्ट ड्राइव्ह स्वतःहून विचारली का, कार्ड दोन हातांनी दिले का, दुसऱ्या दिवशी फोन आला का. मी विचारले, "आणि सांगितलेला भाव बरोबर होता का, हे कुठे लिहायचं?" ती हसली. "मामा, तो रकाना मला दिलेल्या फॉर्मात नव्हताच."

ती आणखी एक गंमत सांगते. मुरलेले सेल्समन गुप्त ग्राहक लगेच ओळखतात. खरे गिऱ्हाईक आधी ॲव्हरेज विचारते. एजन्सीचे माणूस आधी घड्याळाकडे बघते.

तेव्हा म्हटले, आपणच आपले गुप्त ग्राहक व्हावे.

मंगळवारी सकाळी अकराला महामार्गालगतच्या एका शोरूममध्ये गेलो. शोरूमचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे दिसले ते एकाच दुकानाचे दुखणे नव्हते. अंगात इस्त्री नसलेला शर्ट, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. सिंहस्थासाठी खोदलेल्या रस्त्यांमुळे चपलांवर धूळ होतीच, ती मी पुसली नाही. पाणी आले, खुर्ची मिळाली, माणूस मात्र वीस मिनिटांनी आला. त्याने पहिला प्रश्न केला, "काका, बजेट किती?" आणि दुसरा, "सेकंड हँडचा आपला वेगळा सेक्शन आहे, बघितला का?" मी पांढऱ्या रंगातले मधले व्हेरियंट सांगितले. त्याने बॉनेट उघडले नाही. एका छापील कोटेशनची पाठकोरी बाजू घेतली, पेन्सिलीने सहा ओळी लिहिल्या आणि खाली रेघ मारून 7,40,000 लिहिले.

त्याच शोरूममध्ये त्याच दिवशी चारला जावईबापू गेले. इन केलेला शर्ट, बूट, लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. तेच व्हेरियंट, तोच पांढरा रंग. त्यांना कॉफी, टेस्ट ड्राइव्ह, आणि छापील कागदावर 7,12,000.

चपला आणि बूट यांच्यातला फरक अठ्ठावीस हजार रुपये. एवढ्यात आयुष्यभराचे बूट येतील.

रात्री दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि जुन्या सवयीने ओळीओळीने तपासले. एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून गाडीची किंमत, दोन्हीवर 5,99,000. इथपर्यंत माल पास. दुसरी ओळ 'आरटीओ 79,500', तीही दोन्हीवर सारखीच. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे 65,890. नोंदणीची फी 600, स्मार्ट कार्डचे 200, कर्जाचा बोजा चढवायचे 1,500. बेरीज 68,190. किरकोळ सेस-पोस्टेज धरले तरी सत्तर हजारांच्या आत बसते. मग वरचे साडेनऊ हजार कशाचे? नंतर फोन करून विचारले तर उत्तर आले, "सर, आरटीओचा खर्च असतो." पावती मिळेल का म्हटल्यावर, "एवढ्या बारकाईनं कोणी विचारत नाही सर." आता तर नव्या गाडीची नोंदणी डीलरकडूनच ऑनलाइन होते, गाडी आरटीओत न्यावी लागत नाही. या साडेनऊ हजारांना अवघड नाव देऊ नये, पण सोपे नावही मला छापण्याजोगे सुचत नाही.

तिसरी ओळ विम्याची. मला 38,900, जावयांना 34,200. आमच्या कॉलनीतल्या एजंटाने तेच विमामूल्य आणि तेच झिरो डेप (म्हणजे भरपाईतून घसारा न कापणे) धरून 27,400 सांगितले. यातला तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता सरकारने ठरवलेला आहे. 1000 ते 1500 सीसीला 10,640 अधिक जीएसटी, मग विमा कंपनी कोणतीही असो. म्हणजे सगळा खेळ उरलेल्या भागात. "विमा बाहेरून घेतला तर कॅशलेस होणार नाही," असे मला सांगण्यात आले. एजंटाने त्याच कंपनीच्या नाशिकमधल्या कॅशलेस वर्कशॉपची यादी मोबाइलवर दाखवली. विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही, हे विमा नियामकाने 2017 मध्येच लिहून ठेवले आहे. शोरूममध्ये मात्र तो नियम कोणत्या ड्रॉवरमध्ये ठेवतात कोण जाणे.

चौथ्या ओळीत 'किट'. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, गाडीवर घालायचे कव्हर आणि एक सुगंधी बाटली. मला 14,500, जावयांना 6,700. पाचवी ओळ 'हँडलिंग 7,500' फक्त माझ्याच कागदावर. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च आणि डीलरचे कमिशन एक्स-शोरूम किमतीतच धरलेले असते. मग हँडलिंग कोणाचे झाले, गाडीचे की माझे? शेवटी फास्टॅगचे 600, त्याबद्दल तक्रार नाही. उरला आठ हजारांचा कॉर्पोरेट डिस्काउंट, तो गळ्यातल्या ओळखपत्राला.

दुसऱ्या दिवशी सौ. आणि भाची दुसऱ्या एका कंपनीच्या शोरूममध्ये गेल्या. तिथला मुलगा सौ.शी रंगांबद्दल बोलला, डॅशबोर्डवर गणपती कुठे बसेल ते दाखवले, आणि इंजिनाबद्दल काही विचारले की म्हणे, "सर कधी येणार आहेत? सरांना सगळं समजावून सांगतो." तीनदा 'सर' झाल्यावर सौ. म्हणाली, "अरे बाळा, सर गाडी चालवत नाहीत. सर शेजारी बसून ब्रेक मारतात." भाची सांगते, त्यानंतर त्याने टेस्ट ड्राइव्हची किल्ली काढली.

याच शोरूमच्या मागच्या यार्डात मी शनिवारी गेलो. 'याच वर्षीचा पीस आहे, तयार आहे, उद्या घेऊन जा,' असा आग्रह होता, वर वीस हजारांची सूट. मी वाकून टायर बघितला. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे 3124 होते. 2024 सालचा एकतिसावा आठवडा, म्हणजे जुलैचा शेवट. उरलेले तिन्ही टायर बघितले, तेच. टायर गाडीपेक्षा दोन-चार महिने जुना असणे मी समजू शकतो, सव्वा वर्ष नाही. फॉर्म 22, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचा दाखला, दाखवा म्हटले, कारण गाडी कोणत्या महिन्यात बनली ते त्यावर असते. तो ऑफिसात होता, ऑफिसची चावी मॅनेजरकडे होती, आणि मॅनेजर ओझरला गेले होते.

कर्जाचे थोडक्यात सांगतो. शोरूममध्ये सांगतात तो 'फक्त सहा टक्के' हा फ्लॅट दर असतो, म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर. चार लाखांवर पाच वर्षांचे व्याज सुरुवातीलाच 1,20,000 धरले की हप्ता 8,667 होतो. माझ्या बँकेने 9 टक्के घटत्या शिलकीवर सांगितले, त्याचा हप्ता 8,303. सहापेक्षा नऊ स्वस्त, हे सौ.ला पटवायला मला दोन चहा लागले.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिल्या शोरूममधला तो पेन्सिलवाला मुलगा मला नंतर बाहेर टपरीवर भेटला. निफाडकडचा, घरी दोन एकर द्राक्षबाग, पावसाने गेलेली. मी त्याच्यासमोर कागद ठेवला तसा तो ओशाळला. म्हणाला, "काका, गाडी विकून माझ्या हातात काही पडत नाही. टार्गेट विम्याचं आणि ॲक्सेसरीजचं असतं. ते नाही झालं तर महिन्याचा इन्सेंटिव्ह शून्य." मग त्यानेच विचारले, "दुपारी आले ते तुमचे कोण?" म्हणजे त्याने ओळखले होते. चहाचे पैसेही त्याने मला देऊ दिले नाहीत. आमच्या कारखान्यात रिजेक्शन वाढले की साहेब आधी ऑपरेटरवर ओरडायचा, मशीन बघायला मागाहून जायचा. म्हणून या मुलावर राग धरवत नाही.

आणि एक शोरूम सरळही निघाली. पहिल्याच कंपनीची, पण डीलर दुसरा. दिंडोरीची एक मुलगी होती, तिने न मागता छापील कागद दिला. रोड टॅक्स वेगळा, फी वेगळी, विम्यापुढे 'ऐच्छिक', किटपुढे 'ऐच्छिक', हँडलिंगची ओळच नाही. "विमा बाहेरून घेतलात तरी चालेल, फक्त नोंदणीच्या आधी पॉलिसी आणून द्या. आणि पैसे भरायच्या आधी चेसिस नंबर लिहून घ्या, गाडी डोळ्यांनी बघा." एजंटाचा विमा धरून बेरीज सात लाखांच्या आत झाली. आम्ही तिथेच बुकिंग केले. पाणी मात्र तिने विचारले नाही. कंपनीचा गुप्त ग्राहक तिथे गेला असता तर तिचे मार्क कापून आला असता.

माझी सूचना अशी. येत्या 24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन आहे. दरवर्षी त्या दिवशी सभागृहात भाषणे होतात, हार-तुरे होतात. 1974 साली पुण्यात सुरू झालेल्या ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते नाशकातही आहेत. त्यांनी आणि आपल्या वार्ताहरांनी मिळून यंदा भाषणाऐवजी शहरातल्या प्रत्येक शोरूममध्ये दोन-दोन माणसे पाठवावीत, एक चपलांत आणि एक बुटांत. दोघांनी एकच गाडी, एकच रंग मागावा आणि हातात पडलेले दोन कागद आपण शेजारीशेजारी छापावेत. कोणावर टीका करायची गरज नाही, आकडे पुरेत. फॉर्म मी करून देतो: आरटीओच्या रकमेची फोड दिली का, विमा बाहेरून चालेल असे सांगितले का, किट नको म्हटल्यावर गाडीची तारीख पुढे ढकलली का, फॉर्म 22 दाखवला का. 'किट घेतलेत तरच गाडी' असे कोणी म्हणाले तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा म्हणतात, आणि 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मी फोन करून बघितला, लागतो.

प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडेही एक मागणे आहे. प्रत्येक शोरूमच्या दर्शनी भागात त्या दिवशीचा रोड टॅक्स आणि फी यांचा मराठी फलक असावा, सात-बाराच्या उताऱ्यासारखा, ओळीओळीने. द्राक्षाचे नाहीतर कांद्याचे पैसे रुमालात बांधून आलेला माणूस कॅल्क्युलेटर घेऊन येत नाही.

सोबत पाच कोटेशनच्या प्रती जोडल्या आहेत. शोरूमची आणि मुलांची नावे मी काळ्या शाईने झाकली आहेत, ती उघडू नयेत ही विनंती. पाठकोऱ्या कागदाची मात्र झेरॉक्स नीट उठत नाही, म्हणून मूळच पाठवत आहे. पेन्सिलीचे अक्षर आहे, बोट फिरले की पुसते. काम झाल्यावर परत मिळाला तर बरे होईल, आमची डिलिव्हरी अजून व्हायची आहे.

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर
सिडको, नाशिक