आतली खोली तुमची

नाशिक
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणार होते. पण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आई, तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय मोडतेस. म्हणून कागद घेतला. बाबा, तुम्ही आधी वाचा आणि मग आईला वाचून दाखवा. सावकाश, एका दमात नको.

भाऊबीजेला आले तेव्हा नवीन घर पहिल्यांदा सवडीनं पाहिलं. ऑगस्टात वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत आपण होतो, हे अजून मनाला पुरतं पटलेलं नाही. २०१७ साली भूमिपूजन झालं, २०२१ साली पुन्हा कामाचा शुभारंभ झाला, आणि प्रत्येक वेळी बाबा म्हणाले, "माझ्या हयातीत होतंय का बघू." झालं बाबा. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. लिफ्टनं वर आले तर आई, तू मला आधी संडास दाखवलास. घरातला, आपला एकट्यांचा. सकाळी बादली धरून रांगेत उभं राहण्यात तुझा सगळा जन्म गेला, त्यामुळे हॉलपेक्षा ती जागा तुला आधी दाखवाविशी वाटली, हे मला लगेच कळलं. मग किचनचा नळ सोडून दाखवलास, बंद केलास, पुन्हा सोडलास.

रात्री मात्र मला झोप लागली नाही. आतली खोली तू आवरून ठेवली होतीस. नवी चादर, खिडकीशी टेबल, भिंतीवर माझा बी.एड.चा फोटो. "ही तुझी," म्हणालीस. आणि तुम्ही दोघांनी हॉलमध्ये अंथरूण घातलंत. बाबा दाराजवळ सतरंजीवर, तू किचनच्या तोंडाशी. मला वाटलं, मी आलेय म्हणून एक रात्र. सकाळी वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "नाही हो ताई, रोजच बाहेर झोपतात. मी किती सांगितलं. ती खोली तुमची म्हणून बंदच असते."

आई, मी वर्षातून किती दिवस येते? दिवाळीत चार, मे महिन्यात आठ. बाकीचे दिवस ती खोली कुलूप घातल्यासारखी, आणि ८१ वर्षांचा माणूस जमिनीवर, दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यात.

तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. एकदा तू बोलून गेली होतीस, "पोरीला कधी जागा देता आली नाही." याच वाक्यासाठी हे पत्र लिहितेय, कारण ते खरं नाही. मला जागा होती. चार लाद्या.

१९८७ च्या मार्चमधे माझी दहावी. डिसेंबरातच तू खिडकीखालची पत्र्याची ट्रंक हलवून पलंगाखाली सरकवलीस. ती निघाली तशी खाली चार लाद्या मोकळ्या झाल्या, बाकीच्या खोलीपेक्षा उजळ, कारण वर्षानुवर्षं त्यांच्यावर पाऊल पडलं नव्हतं. दोन खिळे ठोकून तू तुझं हिरवं जुनं पातळ आडवं लावलंस. वरचा दिवा लावला तर आजीच्या डोळ्यांवर येई, म्हणून बाबांनी वायर वाढवून एक बल्ब खाली ओढला आणि साडीच्या खोक्याचा पुठ्ठा गोल वळवून त्याची टोपी केली. त्या टोपीवर अर्धं दुकानाचं नाव होतं, अर्धं फुलांचं चित्र. उजेड बरोबर माझ्या वहीवर पडायचा. पुठ्ठा तापला की त्याला डिंकाचा वास यायचा. आज वर्गात बीजगणित शिकवताना कधीकधी तो वास आठवतो.

आणि तू सगळ्यांना बजावलंस, त्या चार लाद्यांवर कुणी पाय ठेवायचा नाही. दादानं एकदा चप्पल ठेवली तर दोन दिवस तू त्याच्याशी बोलली नाहीस. त्या वेळी आपल्या मजल्यावरच्या २० खोल्यांत मुलीसाठी एवढी जागा राखलेली दुसरी खोली मला आठवत नाही. काकू तुला म्हणायच्या, "पोरगी शिकून सासरीच जाणार ना?" तू उत्तर द्यायची नाहीस, पडदा सरळ करायचीस.

मी ज्या जागेत वाढले तिच्यात तुमची अशी जागा मात्र कुठेच नव्हती, हे मला फार उशिरा दिसलं.

आजी, तुम्ही दोघं, काका, आत्याचा मुलगा, दादा आणि मी. सात माणसं. आता लोक विचारतात, एवढ्याशा खोलीत सात जण कसे राहायचात? मी सांगते, सात जण एका वेळी असायचेच कुठे! बाबा दुसऱ्या पाळीला, रात्री बारानंतर घरी. काका बदली कामगार, काम मिळेल ती पाळी, बहुतेक रात्रपाळी. कुणी उठून गेलं की त्याच्या जागी दुसरा आडवा व्हायचा, वळकटी उबदार असतानाच. गिरणीच्या भोंग्यावर आपली खोली चालायची. १९२० च्या दशकात मुंबई डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं या चाळी बांधल्या, एका इमारतीत ८० खोल्या, त्या अशा पाळ्यापाळ्यांनीच पुरल्या.

म्हणून तर १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, तेव्हा आमच्या बालबुद्धीला पहिली गोष्ट कळली ती ही, की खोलीत एकदम जागा उरली नाही. तीनही पाळ्यांची माणसं एकाच वेळी घरात. दिवसा पॅसेजमध्ये पत्ते, संध्याकाळी जांबोरी मैदानावर घोळके. मी दहा वर्षांची होते. पहिले दोन-तीन महिने मला ते सुटीसारखं वाटलं, कारण बाबा दिवसाउजेडी जागे दिसत होते. मग एकेक जण गावाकडे निघाले. काका संगमेश्वरकडे गेले ते परत आले नाहीत. बाबा पावसाळ्यात लावणीला गेले आणि गणपतीनंतर परतले, तर गालफडं बसलेली आणि हातांना चिखल्या. तू साड्यांना फॉल लावायला लागलीस. रात्री सुई दिसेना झाली की दार उघडं ठेवून पॅसेजच्या दिव्यात बसायचीस.

त्या काळातली एक दुपार मी तुम्हाला कधी सांगितलेली नाही.

बाबांचे कान गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणायच्या मागांपाशी गेले, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. शेकडो साचे एकदम खडखडत असताना तिथे बोलणं ऐकूच येत नाही, माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. बाबा घरीही तसेच. पॅसेजच्या दुसऱ्या टोकावरून दोन बोटं वर केली की चहा, पंजा उलटा केला की जेवून आलोय. पण खुणांनी सगळं कसं बोलणार? त्या दुपारी तुम्ही पाटल्यांचं बोलत होतात. विकायच्या की गहाण ठेवायच्या. बाबांना ऐकू जाईना, आई, तुझा आवाज चढत गेला, "दोन महिन्यांचं वाण्याचं बाकी आहे" हे तू तीनदा म्हणालीस, आणि तिसऱ्यांदा समोरच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बारीक केला. मी दारात बसून सागरगोटे खेळत होते. रेडिओ बारीक झालेला मी ऐकला.

तासाभरानं १४ नंबरच्या मावशी आल्या. पदराखाली डालड्याचा पिवळा डबा, त्यात तांदूळ. "आमच्याकडे गावाहून जास्त आलेत," म्हणाल्या. त्यांच्याही घरात संपच होता. तू डबा घेतलास, त्यांना पाणी दिलंस, हसून बोललीस. त्या गेल्यावर मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसलीस. घासलेलीच भांडी.

त्या दिवसानंतर आपल्या खोलीत पैशाची गोष्ट निघालेली मला आठवत नाही. आणि त्यानंतरच तुमचं रविवारी वरळी सी-फेसला जाणं सुरू झालं.

पुढे बाबा वॉचमन झाले तेव्हाही त्यांच्या सुटीच्या दिवशी तुम्ही संध्याकाळी निघायचात. आई, तू केसांना पाणी लावून विंचरायचीस आणि आम्हाला आजीजवळ ठेवायचीस. मी किती रडायचे! मला वाटायचं, तुम्ही दोघं तिथे भेळ खाता आणि आम्हाला नेत नाही. एकदा दादा आणि मी तुमच्या मागे मागे आलो. तुम्हाला माहीत नाही. कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसला होतात. भेळबीळ काही नव्हती. आई, तू मोठमोठ्यानं बोलत होतीस, हातवारे करत होतीस, आणि लाटांच्या आवाजात आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. बाबा मान तुझ्याकडे कलती करून ऐकत होते. मग बाबा काहीतरी बोलले आणि तू हसलीस. खोलीत मी तुला असं हसताना पाहिलं नव्हतं. दादा म्हणाला, "चल, परत जाऊ." का ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण आम्ही परत आलो आणि आजीलाही काही बोललो नाही.

माझं लग्न झालं, नाशिकला दोन खोल्यांचा संसार मांडला, रात्री दार लावून आम्ही दोघं हप्त्यांचं, मुलाच्या तापाचं, उद्याच्या भाजीचं बोलू लागलो, तेव्हा एका रात्री मला तो कठडा आठवला आणि रडू कोसळलं. अहो विचारत राहिले, काय झालं. तुम्हाला नवरा-बायको म्हणून दोन शब्द बोलायला चालत समुद्रापर्यंत जावं लागत होतं. भांडायलासुद्धा. बाबा सगळी उमर पॅसेजमध्ये चटईवर झोपले, दोन्ही बाजूंच्या दारांच्या मधे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय चुकवत. आई आत, एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला मी.

आणि आता गुडघ्यांमुळे आईला सी-फेसपर्यंत चालवत नाही. मग तुमचं बोलणं कुठे होतं? हॉलमध्ये दादाचा टीव्ही, वहिनीची ये-जा. आई, तू बाबांशी आता कमी बोलतेस, हे मला भाऊबीजेला जाणवलं. तू थकलीस म्हणून असेल असं आधी वाटलं. मग वाटलं, दादा-वहिनीसमोर मोठ्यानं बोलायचा तुला संकोच होतो. खरं ना?

तर माझं मागणं एवढंच आहे. आतली खोली तुम्ही घ्या. दादाशी मी बोललेय. तो म्हणाला, "मी सांगून दमलो, आता तूच सांग." खालच्या रस्त्यावरच्या सुताराकडे पलंग बघून ठेवलाय, फार उंच नाही, आईला पाय टेकवून उठता येईल असा. पैसे दिलेत, त्यावरून वाद घालू नका. बाबांच्या उशाशी भिंतीला एक दांडा बसवून घ्या, रात्री उठताना धरायला. टेबल काढायची गरज नाही, औषधं आणि चष्मे त्यावर राहतील. माझा फोटो हॉलमध्ये लावा.

आई, तू म्हणालीस की दार लावलं की कानात दडे बसल्यासारखं होतं, चाळीत दार फक्त रात्री नाहीतर कुणी गेलं तरच लावायचे. ते मला समजतं. मजल्यावर कुणाच्या पायांचा आवाज नाही, फोडणीचा वास नाही, "काय केलंस गं आज" म्हणणारं कुणी नाही. त्यासाठी दादाला बाहेरच्या दाराला जाळीचं दार बसवायला सांगितलंय. दिवसभर मुख्य दार उघडं ठेव, जाळी लावून. १४ नंबरच्या मावशींच्या सुनेला तीन मजले खाली घर मिळालंय, तिला मी निरोप दिलाय, दुपारी येत जाईल. तिच्याकडून फॉलच्या साड्या घ्यायला लागू नकोस, डोळे सांभाळ.

पण ते बाहेरच्या दाराचं. आतल्याचं वेगळं.

मे महिन्यात मी येतेय, सुटी लागली की दुसऱ्या दिवशी. हॉलमध्ये खिडकीखाली चार लाद्या मोकळ्या ठेव, तिथे मी गादी घालीन. मला जमिनीवर छान झोप लागते. आणि रात्री जेवणं झाली, बाबांच्या गोळ्या झाल्या की दोघं आत जा. आई, जे काही बोलायचं असेल ते मोठ्यानं बोल. बाबा, तुम्ही दार लोटून घ्या आणि आतून कडी लावा.

तुमची,
बेबी