'सुगंधाचा जीन सापडला' म्हणजे नेमकं काय सापडलं?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवतेय आणि पेपरातल्या विज्ञानाच्या बातम्यांची कात्रणं वर्गात नेते, म्हणून जरा आग्रहाने लिहितेय. फळांच्या वासावर काहीही संशोधन झालं की मथळा ठरलेला, 'सुगंधाचा जीन सापडला' (जीन म्हणजे जनुक, एखादं प्रोटीन कसं बनवायचं ते सांगणारा डीएनएचा तुकडा). मुलं वाचतात आणि लगेच विचारतात, मॅडम मग तो जीन दुसऱ्या फळात टाकला की झालं ना? इतकं सोपं ते नाही, आणि का नाही हाच ह्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे, तोच नेमका बातमीतून गळतो.

संत्र्याचंच बघा. साल हातात घेऊन भिंगातून बघितली की बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. ग्रंथी म्हणजे एक इवलीशी पोकळी, तिला आतून चपट्या पेशींचं अस्तर आणि मधे तेल साठलेलं. साल दुमडली की त्या पटापट फुटतात आणि तो बारीक फवारा उडतो, डोळ्यात गेला तर चांगलंच चुरचुरतं. ह्या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर एकटं लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य असतं. ते बनवणारं एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रोटीन, ते लिमोनीन सिंथेज, आणि त्याचा जीन त्या झाडाच्या मुळातल्या पेशीतही आहे, फोडीतल्या रसाच्या पेशीतही आहे, पण तेल तयार होतं ते ग्रंथीच्या भोवतालच्या पेशींत. म्हणजे जीन असणं वेगळं आणि तो चालू असणं वेगळं! मी वर्गात हे एकच वाक्य वर्षभर घोकून घेते.

त्याच झाडाचं पान चुरगळून सालीशेजारी धरा, वास वेगळा येतो. पानातही ग्रंथी आहेत, डीएनए तर तोच आहे, पण पानाच्या तेलात सॅबिनीन नावाचं दुसरं द्रव्य भरपूर असतं. एकाच झाडाकडे वासाची द्रव्यं बनवणाऱ्या टर्पीन सिंथेज एन्झाइम्सचे डझनावारी जीन असतात, त्यातला कुठला, कुठे आणि किती चालवायचा हे ठरवणारी प्रोटीन्स वेगळी, त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ती त्या जीनच्या अलीकडच्या डीएनएवर जाऊन बसतात आणि त्याला चालू किंवा बंद करतात. २०२४ मध्ये 'सायन्स' ह्या जर्नलमध्ये लिंबूवर्गीय झाडांवरचं काम आलं, त्यात एलएमआय-१ आणि डीआरएनएल अशी दोन प्रोटीन्स मुळात ग्रंथी घडायलाच लागतात असं दिसलं. म्हणजे तेल बनवायचा जीन कितीही चांगला असो, तेल साठवायला जागाच घडली नाही तर त्याचा उपयोग काय.

वेळेचंही तसंच. लिमोनीनचा जीन कोवळ्या फळात जोरात चालतो आणि फळ पिकत आलं की मंदावतो. उलट व्हॅलेन्सिया जातीच्या संत्र्यात व्हॅलेन्सीन नावाचं द्रव्य पिकण्याच्या सुमारासच जमायला लागतं, आणि २००३ च्या एका शोधनिबंधात दाखवलंय की इथिलीन वायू (फळं पिकवायला वापरतात तोच) दिला की त्याचा जीन जागा होतो आणि व्हॅलेन्सीन वाढतं. ग्रेपफ्रूटचा तो ओळखू येणारा वास ज्या नूटकाटोनमुळे असतो ते ह्या व्हॅलेन्सीनपासूनच होतं. आणि लिंबाच्या सालीतही मुख्य द्रव्य लिमोनीनच बरं का, लिंबाला लिंबाचा वास देतं ते थोड्याशा प्रमाणात असलेलं सिट्रल.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते. २०११ साली स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी संत्र्याच्या झाडांमध्ये लिमोनीन सिंथेजचाच जीन दाबला, म्हणजे त्याचं काम बरंचसं बंद पाडलं. फळांच्या सालीतलं लिमोनीन खूपच कमी झालं. मला वाटलं होतं ही फळं बिचारी उघडी पडणार, कारण आपण सगळेच शिकत आलो की असली तेलं म्हणजे झाडाचं संरक्षण. झालं उलटंच! फळमाशीचे नर त्या फळांकडे कमी ओढले गेले, फळावर हिरवी बुरशी आणणारं पेनिसिलियम त्यांच्यावर नीट वाढेना, कँकर हा खपल्या-डागांचा रोग आणणाऱ्या जिवाणूलाही ती फळं सहजी दाद देईनात. म्हणजे ज्याला आपण ढाल समजत होतो तो वास माशीला पत्ता सांगत होता. मी तो निबंध दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आधी शिकवलेलं दुरुस्त केलं.

एक जीन दाबला तर वास, कीड, बुरशी, जिवाणू सगळीकडे फरक पडला. असं असताना फक्त 'जीन सापडला' एवढंच छापलं की वाचकाला वाटतं आता बटण दाबायचं बाकी आहे, आणि मग पाच वर्षांत काही झालं नाही की तोच वाचक म्हणतो हे शास्त्रज्ञ नुसत्या बाता मारतात. ह्यात शास्त्रज्ञांची चूक नसते हो, बातमी अर्धी असते.

म्हणून विनंती एवढीच. अशी बातमी छापताना चार ओळी जास्त द्या. सापडलेला जीन तेल बनवणारा आहे, ग्रंथी घडवणारा आहे, का दुसऱ्या जीनना चालवणारा आहे, तो कुठल्या पेशीत चालतो, कोवळ्या फळात का पिकलेल्या, आणि तो दाबून किंवा वाढवून बघितला तेव्हा फळाचं काय झालं. शब्द अवघड वाटतील ही भीती नको, नववीतली मुलं 'ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर' दोन तासांत पचवतात, मी रोज बघते.

आपली,
एक नियमित वाचक व जीवशास्त्राची शिक्षिका