अनामत बुडाली ते साल कुठे गेलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला कोका-कोलाच्या इतिहासावरचा अर्धपानी लेख वाचला. १८८६ साली अटलांटात पेंबरटनने पाक कसा काढला, पेला पाच सेंटला कसा विकला, १९८५ मध्ये चव बदलली आणि गिऱ्हाइकांनी बोंब मारल्यावर तीन महिन्यांच्या आत जुनी परत कशी आणली, सगळं साग्रसंगीत. आणि भारत? 'कंपनी १९९३ मध्ये भारतात दाखल झाली.' संपलं!

दाखल? अहो, परत आली! जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिसांनी परकी भांडवल ४० टक्क्यांवर आणा आणि कृतीही सांगा म्हटल्यावर १९७७ मध्ये गाशा गुंडाळला होता तिने.

आमच्या घरात हे साल कुणी विसरत नाही. त्या मे महिन्यात ताईचं लग्न झालं. वरपक्षाला पन्हं चालेना, म्हणून वडिलांनी मिरजेहून कोकचं खोकं आणलं, बाटल्यांची अनामत भरून. चोवीसातल्या दोन वऱ्हाडातल्या पोरांनी फोडल्या. बाकीच्या बावीस 'नेऊ सवडीनं' करत माळ्यावर राहिल्या. दिवाळीनंतर वडील खोकं सायकलला बांधून गेले, तर दुकानदार म्हणतो, "कंपनीच गेली, आता कसली अनामत?" पावती दाखवली. "दिल्लीत दाखवा," म्हणाला. खोकं सायकलवरून परत सांगलीला.

लेखकाने बाटलीच्या आकाराचं कौतुक केलंय. १९१५ साली इंडियानातल्या काचकारखान्याने अंधारातही हाताला ओळखू येईल अशी ती घडवली म्हणे. शंभर टक्के खरं. आमच्याकडे रॉकेलची बाटली सरळसोट आणि गोडेतेलाची ही कमरेत बारीक. दिवे गेले तरी आईचा कधी घोटाळा झाला नाही.

मधल्या सोळा वर्षांत आम्ही काय प्यायलो, याला एक ओळ तरी? सरकारने '७७' नावाचं पेय काढलं होतं (चवीबद्दल न बोललेलं बरं). पार्लेचं थम्स अप तेव्हाच आलं आणि परतलेल्या कंपनीने १९९३ मध्ये तेच विकत घेतलं. खरी गोष्ट ही होती, ती लेखकाच्या हातून निसटली.

जाता जाता, बाटलीला एवढा रंगीत फोटो, आणि विश्रामबागला पाणी येणार नसल्याची सूचना मात्र पान सातवर तळाला, तीही नळ कोरडे पडल्यानंतरच्या अंकात! त्या दिवशी डाळ कोकमध्येच शिजवायची होती का?

अनामतीची पावती माझ्याकडे अजून आहे. लेखकमहाशयांना हवी असल्यास झेरॉक्स पाठवीन. पोस्टाची तिकिटं मात्र आधी पाठवावीत.

– एक जुना वर्गणीदार, सांगली