‘कनिष्क’चा खटला आणि पुसलेल्या ध्वनिफिती

संपादक महोदय,

माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली व मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान २३ जून १९८५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. हा विषय निघाला की मार्च २००५ मध्ये रिपुदमनसिंग मलिक व अजायबसिंग बागरी यांना निर्दोष सोडणाऱ्या व्हँकुव्हरच्या न्यायालयाला बोल लावला जातो. मला तो अस्थानी वाटतो. सरकार पक्षाच्या प्रमुख साक्षीदारांवर न्यायमूर्ती इयान जोसेफसन यांना विश्वास ठेवता आला नाही, आणि अशा साक्षींवर कोणालाही जन्मठेप देता येत नाही. दोष त्याआधीचा आहे. कटाचा सूत्रधार मानला गेलेला तलविंदरसिंग परमार याच्या दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिफिती कॅनडाच्याच गुप्तचर संस्थेने मोठ्या संख्येने पुसून टाकल्या होत्या. साक्ष देऊ शकले असते ते पत्रकार तारासिंग हायर यांची १९९८ मध्ये हत्या झाली.

शिक्षा झाली ती एकट्या, बॉम्ब बनवण्यात हात असलेल्या इंद्रजितसिंग रेयातला. या विमानाबद्दल, मनुष्यवधाच्या कबुलीनंतर, पाच वर्षे. आणि मलिक-बागरी खटल्यात खोटी साक्ष दिल्याबद्दल नऊ वर्षे! (हे आकडे प्रथम वाचले तेव्हा मला छपाईची चूकच वाटली होती.) न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाने सरकारी यंत्रणांवर ठपका ठेवला, तोही २०१० मध्ये, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षांनी.

– एक वाचक, दादर, मुंबई