मास्तर, त्या आठ बाय साडेसातच्या पुठ्ठ्यासाठी

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा सोलापुरात युनिफॉर्मचा ऐन हंगाम होता. जानेवारीपासून कापायचं आणि जूनच्या आत माल पोचवायचा, असं हे काम. पूर्व भागातल्या प्रत्येक कारखान्यात टेरिकॉटचे ताके तसेच पडून होते. मास्क शिवायचं डोक्यात सगळ्यांच्याच आलं. 13 मार्चला केंद्राने मास्क अत्यावश्यक वस्तूंत घातले होते, मागणी दारात उभी होती. पण शर्ट शिवणाऱ्याला मास्क म्हणजे पोरखेळ वाटतो, आणि तिथेच माल बिघडतो. तुम्ही रोज फोनवर आणि नंतर लांब उभं राहून जे शिकवलंत, त्याचे हे आभार. तपशिलासकट लिहितोय, कारण नुसतं ‘धन्यवाद’ लिहिलं तर तुम्हीच विचाराल, कशाबद्दल?

पहिला धडा पाण्याच्या थेंबाचा. शाळेच्या पांढऱ्या शर्टाचं टेरिकॉट कापड टेबलावर पसरून तुम्ही बोटाने एक थेंब सोडायला लावलात. थेंब मण्यासारखा तसाच बसला. शेजारी सुती मलमलवर सोडला, तर क्षणात पसरून गेला. टेरिकॉट बाहेर, सुती आत, हा निकाल तिथेच लागला. तोंडाची वाफ आतल्या थराने प्यायची, बाहेरचा शिंतोडा बाहेरच्या थराने अडवायचा. मधे 25 जीएसएमचं (चौरस मीटरला 25 ग्रॅम वजनाचं) नॉनवोव्हन, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांचं न विणलेलं कापड. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कसाठी हीच तीन थरांची रचना सुचवली: आत पाणी शोषणारं, मधे न विणलेलं, बाहेर पाणी न धरणारं. आतला थर पांढराच ठेवायचा हाही तुमचा हट्ट. घालणाऱ्याला उलटसुलट कळतं आणि चुण्यांची तोंडं खालीच राहतात. मास्क उलटा घातला की त्यांत धूळ साठते.

मग पुठ्ठा, ज्यावरून मास्कचं कापड आखून कापायचं. रुंदी आठ इंच, उंची साडेसात. वर-खाली शिवणीच्या दाबात दोन-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गेलं की सात इंच उरतात. अर्ध्या इंचाच्या तीन चुण्यांत प्रत्येकी एक इंच जातो, तयार उंची चार. 58 इंच पन्ह्याच्या कापडात आडवे सात पीस बसतात आणि दोन्ही किनारी एकेक इंच सुटतात. गिरणीत कापड ताणताना किनारीला पडलेली पिनांची भोकं त्या इंचातच राहतात. मीटर-मीटरचे तुकडे कापले तर मीटरला 35. दहा मीटरचा ले (कापण्यासाठी पसरलेले कापडाचे थर) सलग लावला तर 52 ओळी, म्हणजे 364. चौदा पीस फुकटचे. हे गणित तुम्ही खडूने फरशीवर मांडलं होतं.

खरा फटका मात्र बंदांत, म्हणजे मास्क बांधायच्या नाड्यांत होता. तीन मिलिमीटरचं इलॅस्टिक बाजारात मिळेना, म्हणून बंद लावायचे ठरले. दीड इंची पट्टी चार घडीत मोडून तीन सुतांची होते. लांबी 36 इंच: मधले चार इंच मास्कच्या बाजूला बसतात, दोन्हीकडे सोळा-सोळा लोंबतात. 364 मास्कना बाहेरचं कापड दहा मीटर, आतलं दहा मीटर, आणि नुसत्या बंदांना सव्वाअठरा मीटर! हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. तुम्ही शर्टाच्या जुन्या कटपीसची पोती उघडायला लावलीत, पट्ट्या जोडून वापरायला लावल्यात. जोड मास्कच्या कडेला येऊ द्यायचा नाही, तिथे आठ पदर होतात आणि सुई मोडते. बटनपट्टीचा फोल्डर (पट्टी आपोआप दुमडणारं साधन) मशीनला लावल्यावर बंदाचं काम निम्म्या वेळात आलं.

शिलाईतल्या खोडी तर आम्हाला दिसतच नव्हत्या. पॅन्टची सोळा नंबरची सुई तशीच चालवली की प्रत्येक टाक्याला भोक. अकरा नंबर लावा, इंचाला दहा-बारा टाके, त्याहून दाट नको. चोचीसारखा फुगीर मास्क दिसायला चांगला, पण त्याची शिवण बरोब्बर नाकातोंडासमोर येते, म्हणून चुणीचाच करा. इस्त्रीचं तर सांगायलाच नको. सुती कपड्याची इस्त्री दोनशे अंशांच्या आसपास, नॉनवोव्हन एकशेसाठला वितळतं आणि त्याआधीच आखडतं. वरून मास्क कडक, देखणा दिसतो, आतला थर चिकटून पापडासारखा झालेला, श्वास जाईना. म्हणून चुण्यांना कडेने एकेक सुताच्या खाचा मारायच्या, हाताने मोडायच्या, इस्त्री बंद. कटिंगलाही तेच. नॉनवोव्हनचा ले उंच लावला की पात्याच्या उष्णतेने कडा एकमेकींना चिकटतात, पीस सुटे करताना फाटतात. नाकाची तार साडेचार इंच कापून दोन्ही टोकं दुमडायची, तीही प्लास्टिकच्या आवरणाचीच. साधी तार दोन धुण्यांत गंजते आणि पांढऱ्या कापडावर पिवळी रेघ येते.

कारखान्यातली माणसं सांभाळायचे नियमही तुमचेच. एक सोडून एक मशीन, दोन पाळ्या, प्रत्येकाची कातर वेगळी. घरी शिवणाऱ्या बायकांना पन्नासाचं बंडल, वर चिठ्ठी. इस्त्रीच्या टेबलाजवळ सॅनिटायझर ठेवायला तुम्ही सक्त मनाई केलीत. अल्कोहोल पेटतं, तिथे साबण-पाणीच. जंतुनाशक हायपोक्लोराइटची फवारणी ताक्यांजवळ करू दिली नाहीत. नेव्ही ब्लू कापडावर एक शिंतोडा पडला की तिथे तांबूस डाग, आणि तो धुऊन जात नाही.

पाकिटावर ‘एन 95’ छापून द्या म्हणणारे व्यापारी कमी नव्हते. तुम्ही ‘कापडी, धुऊन वापरायचा, दवाखान्यासाठी नाही’ एवढंच छापायला लावलंत. त्यापायी दोन ऑर्डरी गेल्या. तेव्हा राग आला होता, हे कबूल.

बँकेच्या हप्त्याबाबतही कान टोचलेत. रिझर्व्ह बँकेच्या सवलतीने मार्च ते ऑगस्ट हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, ज्याला जमतंय त्याने भरत राहावं. आणि सगळं भांडवल मास्कमध्ये घालू नका, हे तुम्ही मेपासून म्हणत होता. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने तीन थरांच्या वापरून फेकायच्या मास्कची किंमत चार रुपयांवर बांधली. चार रुपयांत आमचे बंदसुद्धा होत नव्हते. तोवर तुमच्या सांगण्यावरून अर्ध्या मशीन दवाखान्यांचे स्क्रब (डॉक्टर-नर्सचे कामाचे कपडे), सफाई कामगारांचे आणि वॉचमनचे युनिफॉर्म यांवर वळल्या होत्या. त्या ऑर्डरी अजून चालू आहेत.

एक काम आहे. तुमचा तो पुठ्ठा अजून कटिंग टेबलाच्या खिळ्यावर टांगलाय. खडू फिरून फिरून एका कडेने सूतभर झिजलाय, वरची चुणी अपुरी पडते. या बाजूला आलात तर नवा कापून द्या, या वेळी पत्र्याचा. पत्रा आणून ठेवलाय.

आपले,
पूर्व भागातले युनिफॉर्मवाले, सोलापूर